दोन झुबके

१

भीमराव रोकडे पिशवीभर जुनी टार्गेटं घेऊन भावना ओव्हाळांच्या दारात उभे राहिले, तेव्हा त्यांच्या मनात कसलाही संशय नव्हता. पुठ्ठा चांगला आहे, कॉलेजच्या प्रयोगशाळेत उपयोगी पडेल, रद्दीत घालायला जीव होत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. भावनाताई उल्हासनगरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत आणि जिल्ह्याच्या नेमबाजी स्पर्धांत रायफली तपासायचं काम करत. भीमरावांच्या मुलीची, यशोधराची रायफल त्यांच्या हाताखालून कितीदा तरी गेली होती.

यशोधरा बाविशीची. पन्नास मीटरवर, जमिनीवर पालथं पडून मारायच्या प्रकारात, बुवापाड्यातल्या या मुलीने जिल्ह्यात कुणाला जवळ येऊ दिलं नव्हतं. राष्ट्रीय शिबिराला तिचं नाव जाणार हे ठरल्यासारखंच होतं. मग गेल्या हंगामात तिचे गुण उतरू लागले. हात थरथरतो, असं क्लबात सगळे म्हणाले. शेवटी तीही म्हणू लागली. एका डॉक्टरने काही झालेलं नाही म्हणून परत पाठवलं, दुसऱ्याने विश्रांती सांगितली. तिसऱ्याने, तिने फार गळ घातल्यावर, बोटातली आखडलेली शीर मोकळी करून देतो म्हणून उजव्या तर्जनीवर सुरी चालवली. त्यात नस दुखावली. बोटाचं टोक बधिर झालं ते कायमचं. ट्रिगर ओढायला जोर लागत नाही, जाणीव लागते. तीच गेली.

भावनाताईंनी टार्गेटं ओट्यावर पसरली आणि हातातलं दुधाचं पातेलं तसंच खाली ठेवलं. प्रत्येक पुठ्ठ्यावर भोकांचे दोन झुबके होते. एक बरोबर मध्यावर, दुसरा त्याच्या डावीकडे. दोन्ही इतके घट्ट की वर नाणं ठेवलं तर झाकले जावेत.

ही पडत्या काळातली का, असं त्यांनी विचारलं. भीमरावांनी मान डोलावली. ऑपरेशनच्या आधीची, सगळी.

"दादा, हात थरथरला तर गोळ्या चहूकडे उधळतात," भावनाताई म्हणाल्या. "थरथरणारा हात असे दोन झुबके बांधत नाही. पोरीचा हात चांगला होता. रायफलीत काहीतरी होतं."

भीमरावांनी एक पुठ्ठा उचलून उजेडात धरला. मग त्यांनी हळूच सांगितलं की असं होऊच शकत नाही. कारण तीच रायफल आता दुसऱ्या मुलीकडे गेली आहे, आणि पहिल्या दिवसापासून तिच्या हातात ती मध्य सोडत नाही.

म्हणजे रायफल बिघडली होती आणि आपोआप बरी झाली. रायफली आपोआप बऱ्या होत नाहीत.

२

बदलापूर पूर्वेला, शिरगावच्या नव्या इमारती संपतात तिथे नाथा भोईरांची शेती होती. भाताच्या दोन खाचरांवर मातीचा उंच बांध घालून, सगळे परवाने काढून त्यांनी तिथे रेंज उभी केली होती. क्लबाच्या दोन पॉइंट टू-टू रायफली होत्या. एकाच कंपनीच्या, एकाच साच्याच्या, एका वेळी एकच गोळी भरायच्या, बोल्ट हाताने मागेपुढे करायच्या. तरी एक नंबरची दोन नंबरपेक्षा जरा सरस मारायची. का, ते कुणालाच सांगता आलं नव्हतं. सख्ख्या भावंडांत एकाचा गळा गोड असतो, तसं. एक नंबर यशोधराकडे होती, दोन नंबर क्लबातल्याच सोनियाकडे. आता एक नंबरही सोनियाकडे आली होती.

नाथाभाऊंना प्रश्न आवडले नाहीत. रायफलीचा दोष असता तर आपल्याला कळला नसता का, असं त्यांनी उलट विचारलं. पोरगी रडत आली तेव्हा त्यांनी स्वतः रायफल टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात आवळली होती, तिच्या डोळ्यांदेखत गोळ्या मारल्या होत्या. एकाच भोकातून सगळ्या गेल्या.

"मशीनच्या हातात सरळ जाते नि तुझ्या हातात जात नाय, तर मशीन खोटं का तू खोटी? असं बोललो मी तिला," ते म्हणाले. "कडू बोललो. पण खरं तेच."

त्याच संध्याकाळी यशोधराने पहिल्यांदा डॉक्टरचा पत्ता विचारला होता.

माधवी गायकर तिथेच होती. ती क्लबाची दुसरी प्रशिक्षक. चाळिशीला टेकलेली, एके काळची जिल्ह्याची विजेती. खांदा निकामी झाल्यावर शिकवण्याकडे वळलेली. तिचे डोळे भरून आले. ऑपरेशनच्या दिवशी थिएटरच्या दारापर्यंत आपणच यशूचा हात धरून गेलो होतो, असं तिने सांगितलं. तेव्हापासून दर आठवड्याला ती बुवापाड्यात जाई, कोमट तेलाने ते बोट चोळून देई, डबा नेई. जाणीव परत येईल, असं सांगत राही.

रायफलींच्या कपाटाची किल्ली कुणाकुणाकडे असते, हे भावनाताईंनी निघताना विचारलं. नाथाभाऊंकडे, माधवीकडे. आणि दुरुस्तीला जाते तेव्हा रायफल आण्णांच्या दुकानात असते.

तीन माणसं. त्यातल्या एकाने शिकंज्याचा पुरावा दाखवून मुलीला खोटं ठरवलं होतं. भावनाताईंना नाथाभाऊंचा चेहरा दिवसभर डोळ्यांसमोरून हलेना.

३

आण्णांचं दुकान उल्हासनगरात, तीन नंबर कॅम्पात, फर्निचरवाल्यांच्या रांगेत होतं. बंदुकांच्या दुरुस्तीचं लायसन्स भिंतीवर टांगलेलं. दोन्ही रायफलींचे अक्रोडाचे दस्ते त्यांनीच कोरले होते, आणि त्यांना त्याचा गर्व होता.

नळी कशालाही टेकता कामा नये, हे ते पहिल्यांदा बोलले. गोळी सुटते तेव्हा नळी सतारीच्या तारेसारखी कापते. दर वेळी सारखीच कापली तर गोळी सारखीच जाते. लाकूड तिला एखाद्या वेळी शिवलं आणि एखाद्या वेळी नाही, तर दोन तऱ्हांनी कापते. म्हणून नळी आणि लाकूड यांच्यात त्यांनी फट ठेवली होती. दर सर्व्हिसिंगला ते नळीखालून कागदाची पट्टी ओढून बघत. एक नंबरमध्ये ती नेहमी सुळकन जायची. गेल्या हंगामातही.

"दोन तऱ्हांनी कापली तर दोन झुबके पडतील?" भावनाताईंनी विचारलं.

"पडतीलच. पण कागद जात होता, मॅडम. मी काय आंधळा आहे?"

दस्त्यात नंतर काही बदल केला होता का, असं विचारल्यावर आण्णांनी सांगितलं की एकदाच. यशोधराकडे रायफल आली तेव्हा. आधी ती माधवीच्या मापाने कोरलेली होती. यशोधराचा चेहरा अरुंद, म्हणून गाल टेकायची जागा चांगलीच तासावी लागली. दोघीही त्या दिवशी दुकानात आल्या होत्या. यशोधरा सारखा गाल लावून बघत होती. माधवीने चहासुद्धा घेतला नाही, तिला उशीर होत होता.

आण्णांच्या बोलण्यात भावनाताईंना खोट दिसली नाही. पण आण्णा खरं बोलत असतील तर लाकूड नळीला शिवतच नव्हतं. आणि शिवत नसेल तर ते झुबके आले कुठून?

४

सोनिया लालवानी अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनजवळ राहायची. वडिलांचं कापडाचं मोठं दुकान. ती दारातच म्हणाली की लोक काय बोलतात ते तिला माहीत आहे. रायफल तिला मिळाली, म्हणजे तिनेच काही केलं असणार.

"आंटी, मी तर मागितली पण नव्हती. मुझे तो दो नंबर ही ठीक लगती थी. माधवीदीदी म्हणाली, आता यशू येणार नाही, तू घे."

रायफल हातात आली त्या दिवसापासून ती छान चालत होती. यशोधराला काय त्रास होता, हे सोनियाला कधी कळलं नव्हतं. तिने एवढंच पाहिलं होतं की यशोधरा रोज जास्त जास्त घट्ट स्लिंग बांधायची. प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारताना, डाव्या दंडाला चामड्याचा पट्टा बांधून रायफलीला अडकवतात, त्यावरच सगळा भार असतो. माधवीदीदी सगळ्यांनाच तो आवळायला लावायची. सैल स्लिंग म्हणजे सैल नेमबाज, हे तिचं ठरलेलं वाक्य. पण यशोधराचा तर ती स्वतः येऊन अजून एक भोक पुढे ओढायची. सराव संपला की यशूचा हात निळा दिसायचा.

भावनाताई जिना उतरता उतरता मध्येच थांबल्या.

शिकंज्यात स्लिंग नसते. आण्णांच्या टेबलावर कागद ओढताना स्लिंग नसते. स्लिंग फक्त माणसाच्या दंडाला असते. आवळलेली स्लिंग दस्त्याचं पुढचं टोक डावीकडे खेचते, केसभर का होईना. त्याने उजवीकडची फट बारीक होते. आणि ती फट आधीच कुणी मुद्दाम बारीक करून ठेवली असेल, तर लाकूड उजवीकडून नळीला टेकून तिला डावीकडे रेटणार. पट्टा जरा कमी ओढला गेला की नळी मोकळी आणि गोळी मध्यावर. जरा जास्त, की दुसरा झुबका डावीकडे.

शिकंज्यात निर्दोष, कागदाला निर्दोष, आणि मुलीच्या हातात आजारी. ज्याने हे केलं, त्याने रायफल बिघडवली नव्हती. त्याने मुलगी बिघडवली होती.

५

स्पर्धेआधीची तपासणी म्हणून भावनाताईंनी दुसऱ्या दिवशी एक नंबर मागून घेतली. दोन स्क्रू काढले, नळी दस्त्यातून उचलली. नळीच्या उजव्या अंगाला, पुढच्या बाजूला, काळ्या रंगावर नखाएवढा डाग चकाकत होता. घासून घासून आलेला. त्याच्या बरोबर समोर, दस्त्याच्या खाचेत, वाळलेल्या डिंकाचा चौकोन होता. तिथे काहीतरी पातळ चिकटवलेलं होतं आणि नंतर काढून घेतलेलं होतं.

हे कुणालाही करता आलं असतं. डिंकावर नाव नसतं.

त्यांनी घरातल्या प्लॅस्टिकच्या फोल्डरची एक पट्टी कापली, त्याच चौकोनावर चिकटवली, स्क्रू पुन्हा कसले. आणि कुणालाही काही न सांगता निरोप पाठवला: रविवारी सकाळी सगळ्यांनी रेंजवर यावं, एक नंबर आणि दोन नंबर एकमेकींशी ताडून बघायच्या आहेत.

६

रविवारी ऊन स्वच्छ होतं, वारा नव्हता. आधी सोनियाने दोन नंबर मारली. एकच झुबका, जरा ढिला. मग एक नंबर घेतली, माधवीच्या शिकवणीप्रमाणे स्लिंग आवळली आणि मारली. पुठ्ठा जवळ आणला तेव्हा तिचा चेहरा उतरला. एक झुबका मध्यावर, एक डावीकडे.

"अरे, ये तो यशू का टार्गेट है," ती म्हणाली.

नाथाभाऊंनी तिच्या हातातून रायफल जवळजवळ ओढली. शिकंज्यात आवळली, मारली. एकच भोक. ते गोंधळले. त्यांनी पुन्हा मारली. पुन्हा एकच भोक. शिकंजा आणि सोनियाचा पुठ्ठा दोन्ही एकदम खरे कसे, असं ते आण्णांना विचारत होते. आण्णांनी कागदाची पट्टी ओढली, ती गेली. रायफल इथल्या इथे उघडा, असं दोघंही एकाच वेळी म्हणाले. नाथाभाऊ तर स्क्रू-ड्रायव्हर आणायला निघालेही.

"उघडायची काय गरज आहे?" माधवी म्हणाली. "सोनियाची पोझिशन चुकली. द्या इकडे, मी मारते."

तिचा खांदा तिला चार गोळ्यांपुरता अजून साथ द्यायचा. ती पालथी पडली. दंडाला स्लिंग अडकवली, बकल जागेवर आणलं आणि मग, कुणाकडे न बघता, स्लिंग दोन भोकं सैल केली.

एकच झुबका पडला. बरोबर मध्यावर.

बघा, रायफल चांगली आहे, असं ती उठता उठता म्हणाली. भावनाताई तिच्या दंडावरच्या सैल पट्ट्याकडे बघत होत्या.

७

त्यांनी सोनियाला घरी पाठवलं. शेडमध्ये चौघं उरले. भावनाताई आवाज न चढवता बोलल्या. नळीपाशी प्लॅस्टिकची एक पट्टी मीच चिकटवून आणली होती, हे त्यांनी आधी सांगितलं. मग एकेक गोष्ट मांडली. सोनियाने झुबके पाहिले, तिला काही कळलं नाही. नाथाभाऊंनी पाहिले, त्यांना शिकंज्यापलीकडे सुचलं नाही. आण्णांनी पाहिले, त्यांना कागदापलीकडे सुचलं नाही. दोघांनाही रायफल उघडून बघायची घाई झाली. लपवायचं असतं तर त्यांनी उघडू दिली नसती.

"उघडू नका म्हणालीस ती तू एकटी. जन्मभर पोरींच्या स्लिंगा आवळत आलीस, माधवी. आज तू सैल का केलीस?"

माधवी बाकाकडे वळली.

"स्लिंग सैल केली की हा आजार दिसत नाही, हे ज्याने तो दिला त्यालाच ठाऊक असणार. मला ते कळायला पाच दिवस लागले. तुला सोनियाचा पुठ्ठा पाहिल्यावर लगेच कळलं."

नाथाभाऊ खाली बसले. माधवीने बाकावरून आपला रुमाल उचलला, घडी घातली, पुन्हा उलगडला. मग ती बोलायला लागली, आणि तिचं बोलणं इतकं शांत होतं की आण्णांनी मान फिरवली.

ती रायफल तिची होती. खांदा गेल्यावर सहा महिन्यांत बरी होऊन परत येईन, असं तिने नाथाभाऊंना सांगितलं होतं, आणि ते हो म्हणाले होते. मग बुवापाड्यातून ही मुलगी आली. एका सकाळी आण्णांच्या दुकानात, तिच्यासमोर, तिला एका शब्दाने न विचारता, तिच्या गालाची जागा रंध्याने तासून टाकली गेली. लाकूड परत भरता येत नाही. सगळे हसतखेळत होते.

"तिला एक हंगाम जमिनीवर आणायचं होतं. एवढंच," माधवी म्हणाली. "स्वतःच्या अंगावरचा भरवसा उडाला की कसं वाटतं, ते तिलाही कळू दे."

नाथाभाऊंनी शिकंजा लावावा, ही कल्पनाही तिचीच होती.

ऑपरेशन कर असं आपण कधीच म्हटलं नाही, असं ती पुनःपुन्हा सांगत राहिली. तो हट्ट यशूचा. आपण फक्त सोबत गेलो.

"सोबत गेलीस," भावनाताई म्हणाल्या, "थिएटरच्या दारापर्यंत. तिथेही एक शब्द बोलली असतीस तर ती आत गेली नसती."

"तेव्हा बोलले असते तर माझं काय राहिलं असतं?" माधवीने विचारलं. तिला ते खरोखरच कळत नव्हतं.

८

नाथाभाऊंनी तिला त्याच दिवशी क्लबातून काढलं. जिल्हा संघटनेने तिच्या प्रशिक्षणावर कायमची बंदी घातली. पोलीस चौकीत भीमरावांचा अर्ज घेतला गेला, पण कोणत्या कलमाखाली लिहायचा यावर साहेब बराच वेळ डोकं खाजवत बसले. बोट कापलं डॉक्टरने, तेही मुलीच्या सहीने. रायफलीत प्लॅस्टिक चिकटवणं हा गुन्हा कुठल्या पुस्तकात शोधायचा? अर्ज ठेवून घेतो, असं म्हणाले.

यशोधराला मात्र भावनाताईंनाच सांगावं लागलं. बुवापाड्यातल्या त्या खोलीत यशोधरा पंख्याखाली बसून कणीक मळत होती, तीन बोटांनी आणि तळव्याने, तर्जनी वर धरून. तिने सगळं ऐकून घेतलं. स्लिंग, नळी, डिंकाचा चौकोन, सगळं तिला पटकन समजत होतं. समजायला ती फार हुशार होती. शेवटी तिने एकच विचारलं.

"ऑपरेशनच्या दिवशी त्यांना माहीत होतं?"

"होतं."

"आणि नंतर? तेल लावायला यायच्या तेव्हा?"

भावनाताईंनी मान डोलावली. यशोधराने कणकेचा गोळा झाकून ठेवला आणि हात धुतले. परत येऊन बसली तेव्हा तिचा आवाज कोरडा होता.

"मॅडम, रागवू नका. पण तुम्ही हे शोधून काढलं नसतं तर बरं झालं असतं."

भावनाताई म्हणाल्या की तिचा हात निर्दोष होता, हे तिला कळायलाच हवं होतं.

"हात तर गेलाच होता. त्याची सवय होत आली होती," यशोधरा म्हणाली. "सगळे सुटले तेव्हा एक माणूस होतं, जे दर आठवड्याला यायचं. मी त्या दिवसाची वाट बघायचे. आता ते पण नाही. आणि जे होतं, ते पण नव्हतंच."

भावनाताई उठल्या. यशोधराने त्यांच्या मागे दार लावून घेतलं, हळूच, आवाज न करता.

भीमराव त्यांना रिक्षापर्यंत सोडायला आले. कित्येक महिन्यांत त्यांचा चेहरा असा उजळलेला कुणी पाहिला नसेल. त्यांनी भावनाताईंचे दोन्ही हात धरले. माझ्या पोरीचा हात चांगला होता, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. रिक्षा वळली तेव्हा भावनाताईंनी मागे बघितलं. भीमराव नळावर पाणी भरणाऱ्या बायकांपाशी थांबले होते. एकीची कळशी भरून वाहत होती, तरी ते तिला स्वतःची तर्जनी उंच करून काहीतरी समजावत होते. मग पुढच्या दाराशी थांबले. मग त्याच्या पुढच्या.